ट्रान्सप्लांटची तारीख पुढे ढकलावी का?

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझे यजमान ४८ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाला. रिपोर्टवर ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’ असं लिहिलं होतं. सहा किमो झाल्या, पेट स्कॅन स्वच्छ आला आणि पुढची दोन वर्षं बरी गेली. मग पोटात गाठी दिसल्या. बायोप्सीत तोच आजार निघाला. आता दुसऱ्या औषधांच्या दोन सायकल झाल्यात आणि स्कॅन पुन्हा चांगला आलाय. डॉक्टर म्हणतात, वेळ न घालवता त्यांच्याच स्टेम सेल वापरून ट्रान्सप्लांट करू. पुढच्या महिन्यात ॲडमिट व्हायची तारीख दिलीय.

माझे दीर मात्र म्हणतात की ही जुनी पद्धत झाली. त्यांनी इंटरनेटवर ‘इम्यून-ॲक्टिव्हेटेड स्टेम सेल ट्रान्सप्लांट’ शोधून काढलंय. एका केंद्राने त्यांना उत्तर पाठवलं की रुग्णाच्या पेशी बाहेर काढून त्या सक्रिय करतात, मग त्याच शरीरात जाऊन कॅन्सर शोधून मारतात, किमोचा त्रासही होत नाही. पैसे आधी भरायचे. दीर स्वतःच्या पेशी द्यायलाही तयार आहेत. दोन महिने थांबून याची नीट चौकशी करावी का? आमच्या डॉक्टरांना विचारायचा संकोच वाटतो, त्यांना वाटेल आमचा विश्वास नाही.

— एक वाचक

उत्तर

ताई,

तारीख पुढे ढकलू नका. बाकीच्या प्रश्नांकडे सावकाश येतो, पण हे आधी सांगणं भाग आहे.

यजमानांचा स्कॅन आत्ता चांगला आहे, म्हणजे आजार अजून औषधाला दाद देतोय. उलटलेल्या, म्हणजे परत आलेल्या, लिम्फोमात ट्रान्सप्लांटचा खरा फायदा अशाच रुग्णांना होतो. ‘पार्मा’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. आजार परतलेल्या, पण किमोने पुन्हा आटोक्यात आलेल्या रुग्णांचे त्यात यदृच्छेने दोन गट केले होते. एका गटाला तीच किमो पुढे चालू ठेवली, दुसऱ्याला मोठ्या मात्रेची किमो आणि स्वतःच्या पेशींचा ट्रान्सप्लांट दिला. पाच वर्षांनंतर आजार पुन्हा न उलटता जगत असलेले पहिल्या गटात १२ टक्के होते, दुसऱ्यात ४६ टक्के. एकूण हयात असलेले ३२ आणि ५३ टक्के. हे आकडे रिटुक्सिमॅब हे लिम्फोमावरचं औषध वापरात येण्याआधीचे आहेत, त्यामुळे ते यजमानांना जसेच्या तसे लावू नका. पण आजार दबलेला असतानाच ट्रान्सप्लांट करायचा, हे तेव्हापासून आजपर्यंत बदललेलं नाही. औषधाविना दोन महिने गेले आणि गाठी परत वाढल्या, तर पुढच्या औषधालाही त्या अशीच दाद देतील याची हमी कोणी देणार नाही.

आता दिरांचं म्हणणं. ते काहीतरीच बोलतात असं मी म्हणणार नाही, त्यामागे खरं विज्ञान आहे. फक्त एका ठिकाणी त्यांची गल्लत होतेय, आणि ती बहुतेक घरांत होते. या ट्रान्सप्लांटमध्ये स्टेम सेल हे औषधच नव्हे. औषध म्हणजे मोठ्या मात्रेची किमो. लिम्फोमात बहुतेक ठिकाणी कार्मुस्टिन, इटोपोसाइड, सायटाराबिन आणि मेल्फालन ही चार औषधं देतात. त्यांच्या इंग्रजी नावांच्या (काहींच्या दुसऱ्या नावांच्या) आद्याक्षरांवरून डॉक्टर त्याला ‘बीम’ म्हणतात. ही मात्रा इतकी जबर असते की उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशींबरोबर हाडांतली रक्त तयार करणारी मज्जाही जवळजवळ संपते. तण जाळताना अख्खं शेत जाळायचं असेल तर बियाणं आधी बाजूला काढून ठेवावं लागतं; यजमानांच्या स्टेम सेल म्हणजे ते बियाणं.

त्या काढायची पद्धत तुम्हाला सांगितली असेलच. जी-सीएसएफ या मज्जेला चालना देणाऱ्या औषधाची इंजेक्शनं चार-पाच दिवस देतात, त्याने स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, मज्जेतून रक्तात उतरतात. त्या दिवसांत कंबर आणि छातीची हाडं ठणकतात. मग मशीनवर काही तास रक्त फिरवून पेशी वेगळ्या करतात. वजनाच्या दर किलोमागे निदान वीस लाख सीडी-३४ पेशी (सीडी-३४ ही मूळपेशींवरची खूण) हव्यात, जास्त मिळाल्या तर उत्तम. त्या गोठवून ठेवायच्या, किमो संपली की सलाईनसारख्या शिरेतून परत द्यायच्या. गोठवण्यासाठी वापरलेल्या द्रवाचा लसणीसारखा उग्र वास त्या दिवशी खोलीभर येतो. रुग्णापेक्षा तो जवळच्या माणसांनाच जास्त जाणवतो, घाबरू नका. दहा ते चौदा दिवसांत काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, वर यायला लागतात. या सगळ्यात स्टेम सेल कॅन्सरशी लढत नाहीत, त्या मज्जा पुन्हा उभी करतात.

मग ‘पेशी कॅन्सर शोधून मारतात’ हे आलं कुठून? ते दुसऱ्या प्रकारच्या ट्रान्सप्लांटमधून आलं, जिथे पेशी दुसऱ्या माणसाच्या असतात. १९५६-५७ मध्ये इंग्लंडमध्ये बार्न्स आणि लूटिट यांनी रक्ताचा कॅन्सर असलेल्या उंदरांना किरणोत्सार देऊन मज्जा दिली. स्वतःच्याच वंशाच्या उंदराची मज्जा मिळालेल्यांमध्ये कॅन्सर उलटला. परक्या वंशाची मज्जा मिळालेल्यांमध्ये तो उलटला नाही, पण ते उंदीर खंगून मेले. या उपचाराची पुढची सगळी गोष्ट या एका प्रयोगात आहे: परक्या पेशी कॅन्सरला मारतात आणि घरमालकालाही सोडत नाहीत. १९५७ मध्येच डोनल थॉमस यांनी माणसांना शिरेतून मज्जा दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. या कामासाठी त्यांना १९९० साली नोबेल मिळालं.

माणसांतही तेच दिसलं. १९७९ मध्ये सिॲटलच्या गटाने दाखवलं की दात्याच्या पेशींनी ज्यांच्या शरीरावर हल्ला केला, म्हणजे ज्यांना जीव्हीएचडी झालं, त्यांच्यात ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) कमी उलटतो. पुढे नोंदी तपासल्या तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. एकसारख्या जुळ्या भावंडाची मज्जा, जी जुळणीत सगळ्यात उत्तम, ती घेतलेल्यांमध्ये ल्युकेमिया उलटण्याचं प्रमाण साध्या भावंडाची मज्जा घेतलेल्यांपेक्षा जास्त होतं. आणि १९९० मध्ये म्युनिकच्या कोल्ब यांनी निर्णायक पुरावा दिला. ट्रान्सप्लांटनंतर ल्युकेमिया परतलेल्या रुग्णांना त्यांनी इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीवर काम करणाऱ्या औषधाबरोबर त्याच दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हा दिल्या, मोठ्या किमोशिवाय, आणि आजार मावळला.

साहजिकच प्रश्न पुढे आला की परक्या पेशींचा हा गुण रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना शिकवता येईल का? तुमच्या दिरांनी शोधलेली कल्पना ती हीच, आणि ती नवी नाही. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८५ च्या सुमारास इंटरल्युकिन-२ या द्रव्यात पांढऱ्या पेशी भिजवून त्या आक्रमक करता येतात आणि काही रुग्णांच्या गाठी त्याने वितळतात, हे दाखवलं होतं. १९९२ मध्ये किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी या औषधाला अमेरिकेत मान्यताही मिळाली. मग नव्वदच्या दशकात काही केंद्रांनी रुग्णाच्या गोळा केलेल्या मूळपेशी, ज्यांत टी आणि एनके या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी मिसळलेल्याच असतात, परत देण्याआधी इंटरल्युकिन-२ मध्ये ठेवून पाहिल्या. ट्रान्सप्लांटनंतर त्याची इंजेक्शनंही चालू ठेवली. जॉन्स हॉपकिन्समध्ये दुसरी युक्ती झाली: ट्रान्सप्लांटनंतर सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध देऊन मुद्दाम सौम्य ‘स्वतःचंच’ जीव्हीएचडी घडवायचं. स्तनाचा कॅन्सर, लिम्फोमा, ल्युकेमिया, सगळीकडे हे करून पाहिलं.

प्रयोगशाळेत निकाल देखणे होते. रुग्णांमध्ये मात्र आयुष्य वाढल्याचं भरवशाने सिद्ध झालं नाही, म्हणून ही पद्धत नेहमीच्या उपचारात आली नाही. का, तेही समजण्यासारखं आहे. रुग्णाच्या टी-पेशी त्या गाठीबरोबर महिनोन्‌महिने राहिलेल्या असतात. गाठीने त्यांची नजर चुकवलेली असते किंवा त्यांना थकवलेलं असतं. नुसतं उत्तेजन दिल्याने त्यांना शत्रू ओळखता येत नाही. त्यात इंटरल्युकिन-२ मारेकरी पेशींबरोबरच प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशीही वाढवतं. ही गोष्ट नंतर नीट कळली. आणि द्रव्य थांबलं की उत्तेजन ओसरतं. ते चालू ठेवावं तर ताप, हुडहुडी, बीपी खाली जाणं, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून अंग सुजणं. ‘त्रास होत नाही’ असं ज्याने लिहिलं त्याने एक तर हे औषध दिलेलं नाही, किंवा जे देतोय ते निष्क्रिय आहे. माझा सगळ्यात जास्त संशय त्या एका वाक्यावर आहे.

दिरांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. २००१ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दाखवलं की स्वतःच्या पेशींच्या ट्रान्सप्लांटनंतर पंधराव्या दिवशी ज्यांच्या लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पाचशेच्या वर जातात, ते रुग्ण जास्त जगतात. लिम्फोमातही आणि मायलोमा या मज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरमध्येही. म्हणजे स्वतःच्या पेशींचा वाटा शून्य नसावा. पण लिम्फोसाइट्स लवकर आल्या म्हणून रुग्ण तगला, की मुळात तगडा रुग्ण होता म्हणून त्या लवकर आल्या? अशा निरीक्षणावरून उपचार विकायला काढता येत नाही.

हे मी जरा कडक लिहितोय, त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकात स्तनाच्या कॅन्सरसाठी मोठी किमो आणि स्वतःच्या पेशींचा ट्रान्सप्लांट हजारो बायकांना देण्यात आला. थोडी किमो थोडा कॅन्सर मारते, तर जास्त किमो जास्त मारेल, असा सरळ हिशोब. चाचण्यांची वाट कोणी पाहायला तयार नव्हतं. १९९९ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले तेव्हा साध्या किमोपेक्षा त्यात जास्त जगण्याचा फायदा दिसला नाही. दक्षिण आफ्रिकेतली एक चाचणी तेवढी झळझळीत यशाची होती. २००० मध्ये तपासणी झाली तेव्हा ती बनावट निघाली. आणि लक्षात घ्या, लिम्फोमात हाच ट्रान्सप्लांट उपयोगी ठरलाय. उपचार तोच, आजार वेगळा, निकाल उलटे. ‘कॅन्सरवर चालतं’ असं मोघम सांगणाऱ्याला म्हणूनच आधी विचारायचं, कोणत्या कॅन्सरवर?

स्वतःच्या पेशींना शत्रू ओळखायला शिकवण्याचं स्वप्न शेवटी वेगळ्या वाटेने खरं झालं. त्याचं नाव कार-टी. यात टी-पेशींना नुसतं चेतवत नाहीत, त्यांच्यात एक जनुक घालतात, त्यामुळे त्या बी-पेशींवरची (हा लिम्फोमा ज्या पांढऱ्या पेशींचा असतो त्या) सीडी-१९ ही खूण पकडतात. २०१७ मध्ये अमेरिकेत मुलांच्या ल्युकेमियासाठी आणि त्याच वर्षी मोठ्यांच्या लार्ज बी-सेल लिम्फोमासाठी याला मान्यता मिळाली. यजमानांचा आजार नेमका हाच, म्हणून हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना जरूर विचारा. मला दिसतं ते असं: ज्यांचा लिम्फोमा पहिल्या उपचाराला जुमानत नाही किंवा वर्षाच्या आत उलटतो, त्यांच्यात कार-टी ट्रान्सप्लांटपेक्षा सरस ठरलंय. तुमच्या पत्रात आजार दोन वर्षांनी परतला आणि दुसऱ्या किमोने दबला, असं आहे. अशा रुग्णासाठी स्वतःच्या पेशींचा ट्रान्सप्लांट हा आजही योग्य आणि मान्य मार्ग आहे. ‘जुना’ म्हणून तो टाकून देण्यासारखा नाही, आणि उद्या दुर्दैवाने आजार पुन्हा आलाच तर कार-टीचा विचार तेव्हाही करता येतो. कार-टीतही पेशी देण्याआधी काही दिवस किमो असतेच, नंतर जोराचा ताप, बीपी उतरणं, काहींना थोडे दिवस भ्रम होणं हेही असतं. बिनत्रासाचं तिथेही काही नाही.

दिरांच्या पेशींबद्दल. सख्ख्या भावाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. अर्धी जुळणीही हल्ली चालते, कारण पेशी दिल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे किमोचं औषध देऊन जीव्हीएचडी बऱ्यापैकी काबूत ठेवता येतं. पण दुसऱ्याच्या पेशींच्या ट्रान्सप्लांटमध्ये उपचारामुळेच जीव जाण्याचा धोका बराच मोठा असतो. त्वचा, आतडी, यकृत यांवर हल्ला होऊ शकतो, पुढे कोरडे डोळे, तोंडातल्या जखमा, फुप्फुसं आखडणं वर्षानुवर्षं मागे लागू शकतं. म्हणून या आजारात तो सहसा पुढच्या पायरीसाठी राखून ठेवतात. दिरांची तयारी वाया गेलेली नाही, फक्त ती आत्ता वापरायची वेळ नाही. आणि एक गोष्ट त्यांना आजच सांगा: भावासाठी थेट रक्त किंवा प्लेटलेट्स देऊ नका. उद्या दाता म्हणून तुमचीच गरज पडली, तर आधी दिलेल्या रक्तामुळे भावाचं शरीर तुमच्या पेशींविरुद्ध आधीच सज्ज होऊन बसलेलं असू शकतं. द्यायचंच असेल तर रक्तपेढीत इतर कोणासाठीही द्या. यजमानांना ट्रान्सप्लांटच्या काळात मिळणारं रक्त किरणोत्सार केलेलं असायला हवं, हे वॉर्डात एकदा विचारून खात्री करून घ्या.

आता ते केंद्र. दिरांना दोन महिने चौकशी करायची गरज नाही, एक ईमेल पुरेल. ही चाचणी आहे की नेहमीचा उपचार? चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक काय, कोणत्या एथिक्स कमिटीने परवानगी दिली, कितव्या टप्प्यात आहे? नेहमीचा उपचार असेल तर डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमावरचे निकाल कोणत्या वैद्यकीय नियतकालिकात छापलेत? पेशी नेमक्या कशाने सक्रिय करतात? मध्यरात्री बीपी उतरलं तर आयसीयू कोणाचा? खऱ्या संशोधन चाचणीत प्रायोगिक औषधाचे पैसे रुग्णाकडून सहसा आगाऊ मागत नाहीत, आणि संमतीपत्रात धोके पानभर लिहिलेले असतात. उत्तरादाखल बऱ्या झालेल्या रुग्णांचे व्हिडिओच आले, तर पुढचा पत्रव्यवहार थांबवा.

तुमच्या डॉक्टरांना विचारायला संकोच नको. ट्रान्सप्लांट करणारे डॉक्टर असे प्रश्न रोज ऐकतात. सरळ म्हणा, “घरच्यांनी हे वाचलंय, यांच्या बाबतीत तुम्ही याचा विचार केला होता का, आणि कार-टी का नको?” कारण ते देतील. शिवाय विचारा की गोळा केलेल्या पेशी पुरेशा आहेत का, आणि ट्रान्सप्लांटनंतर सामील होता येईल अशी एखादी नोंदलेली चाचणी आहे का. प्रतिकारशक्तीवर काम करणारं नवं काही अनुभवायचं तर ते असं, आधाराला हॉस्पिटल असताना. दुसरं मत घ्यायचं असेल तर याच आठवड्यात दुसऱ्या ट्रान्सप्लांट केंद्रात फाइल दाखवा. त्यासाठी ॲडमिट व्हायची तारीख हलवावी लागत नाही. प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून कोणी चूर्णं, काढे, गोळ्या दिल्या तर त्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. काउंट शून्यावर असताना यकृतावर आणखी ओझं आणि जंतूंना आणखी एक वाट, दोन्ही नकोत.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला सापडली नाही. डॉक्टर काय म्हणतात ते आहे, दीर काय म्हणतात ते आहे, तुम्हाला काय वाटतं तेही आहे. यजमान काय म्हणतात? पुष्कळदा माणूस पर्यायी उपचाराकडे झुकतो तो विज्ञानामुळे नाही, त्या बंद खोलीतल्या आठवड्यांच्या भीतीमुळे. ती भीती खरी आहे. किमोनंतर साधारण आठवड्याने तोंड येतं, गिळताना दुखतं, जुलाब होतात, ताप येतो, माणूस पार गळून जातो, आणि नेमके तेच दिवस काउंट सगळ्यात खाली असण्याचे. त्यांना हे झाकून सांगू नका, तारखेनिशी सांगा, म्हणजे तो दिवस आला की काहीतरी बिघडलं असं त्यांना वाटणार नाही. मेल्फालन चालू असताना आणि त्याच्या थोडं आधी-नंतर तोंडात बर्फाचे तुकडे धरले तर तोंड येणं बरंच कमी होतं. हा साधा उपाय चाचण्यांमध्ये टिकलेला आहे. नर्सला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. घरी आल्यावर सहा महिन्यांनंतर लहानपणच्या लसी पुन्हा घ्यायच्या असतात, कारण जुनी प्रतिकारशक्ती किमोबरोबर बरीचशी पुसली जाते. जिवंत जंतूंच्या लसी मात्र दोन वर्षं तरी नाहीत.

तेव्हा आज रात्री दिरांनी तो ईमेल पाठवावा, तुम्ही ॲडमिशनचे कागद पुरे करा, आणि यजमानांना कोणत्या दिवसाची सगळ्यात जास्त धास्ती वाटते ते विचारा. त्या दिवशी त्यांच्याजवळ कोण थांबेल, ते तिघांनी मिळून ठरवा. पेशी द्यायची वेळ आत्ता आली नाही, पण हे काम दीर आनंदाने करतील.